मुलांना सजीव सृष्टीची ओळख : हातावर, बरणीत आणि दुरून



बारामती व इंदापूर तालुक्यांतील बागायत भागात शाळेत जाणाऱ्या मुलाला उसाच्या जाती सांगता येतात, ट्रॅक्टरचे गिअर माहीत असतात आणि मोबाईलवर सिंह-वाघही पाहिलेले असतात. परंतु त्याच मुलाला बांधावर नेऊन पानावरची एखादी अळी दाखविली, तर ती पिकाच्या फायद्याची की तोट्याची हे सांगता येत नाही. त्याच्या दृष्टीने शेतात दोनच प्रकारचे प्राणी असतात. लहान असेल तर तो ‘किडा’, मारून टाकायचा. लांब असेल तर तो ‘साप’, तोही मारून टाकायचा. मुलांचा यात दोष नाही. पूर्वी गुरे राखताना, मोटेवर आणि खुरपणीत जी ओळख आपोआप होत असे, ती आता होत नाही. म्हणून ती जाणीवपूर्वक करून द्यावी लागते. ती चित्रावरून होत नाही, प्रत्यक्ष जिवंत प्राणी दाखवूनच होते. ती कशी करून द्यावी, कोणते प्राणी मुलांच्या हातात द्यावेत आणि कोणते अजिबात देऊ नयेत, याची माहिती या लेखात दिली आहे.

ही ओळख शेतकऱ्यासाठी का महत्त्वाची?

सन २००२ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात उसावर लोकरी माव्याचा मोठा प्रादुर्भाव झाला. सांगली भागातून सुरू झालेली ही कीड पाहता पाहता शेजारच्या जिल्ह्यांत पसरली. पानांच्या खालच्या बाजूस पांढरी लोकर, वरच्या बाजूस चिकटा व काळी बुरशी असे फड सर्वत्र दिसू लागले. अनेकांनी औषधे फवारली. पण उंच वाढलेल्या उसात फवारणी नीट पोहोचत नव्हती. त्याच वेळी माव्याच्या लोकरीत डिफा नावाच्या पतंगाच्या अळ्या आणि मायक्रोमस नावाच्या कीटकाची पिले मावा फस्त करीत असल्याचे आढळले. ज्या फडात हे मित्रकीटक होते तेथील पाने कापून प्रादुर्भाव झालेल्या फडात लावण्यात आली आणि कीड आटोक्यात येण्यास त्याची फार मोठी मदत झाली.

यातून घ्यावयाचा धडा साधा आहे. डिफाची अळी दिसायला इतर कोणत्याही अळीसारखीच असते. ज्याला ती ओळखता आली त्याने ती जपली. ज्याला ओळखता आली नाही त्याने फवारणी करून माव्याबरोबर तिलाही मारले. पीक संरक्षणाचा खर्च कितीतरी वेळा अशा ओळखीवर अवलंबून असतो. ही नजर लहानपणी लवकर तयार होते. दहा वर्षांच्या मुलाची नजर बारीक असते, त्याला घाई नसते आणि पानाखाली वाकून पाहण्याचा कंटाळा नसतो. घरातील असे एक मूल पिकाचे उत्तम सर्वेक्षण करू शकते.

दुसरे कारण जिवाशी निगडित आहे. सर्पदंश, विंचूदंश, कुत्र्याचा चावा हे धोके ग्रामीण मुलांना नेहमीचे आहेत. कोणत्या प्राण्याला हात लावावयाचा नाही हे नुसते दटावून मुलांना समजत नाही. ज्या मुलाने गांडूळ हातावर घेतले आहे, बरणीतील अळी आठ दिवस पाहिली आहे, त्याला ‘हा प्राणी मात्र दुरूनच पाहावयाचा’ हे सांगितलेले पटते. ज्याला सगळ्यालाच ‘हात लावू नको’ असे सांगितले जाते, ते मूल मोठ्यांची पाठ वळली की नको त्यालाच हात लावते.

यासाठी सर्व प्राण्यांचे तीन गट करावेत : (१) हातावर घेण्याचे, (२) बरणीत पाहण्याचे आणि (३) दुरून पाहण्याचे. कोणताही नवीन प्राणी दिसला की तो यांपैकी कोणत्या गटात बसतो, हे मुलाने आधी विचारावे व मगच पुढे जावे. ओळख पटली नाही तर तो प्राणी तिसऱ्या गटात धरावा.

पहिला गट : हातावर घेण्याचे प्राणी

१) गोठ्यातील जनावरे : सुरुवात घरच्या गाई-शेळीपासून करावी. शांत स्वभावाच्या गाईच्या डाव्या भकाळीवर मुलाला मूठ दाबून धरावयास सांगावे. निरोगी जनावरात मिनिटाला साधारण एक ते दोन वेळा पोट ढवळल्याची लाट मुठीला जाणवते. गाय रवंथ करीत असताना एका घासाला ती किती वेळा चावते हे मुलांनी मोजावे. बहुधा हा आकडा चाळीस ते साठच्या दरम्यान येतो. गाईच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, हे बऱ्याच मुलांना ऐकून माहीत असते, पण पाहिलेले नसते. मोठ्या माणसाने जनावर धरून ते दाखवावे. शेळीचे दुधाचे दात व कायमचे दात दाखवून वय कसे ओळखतात हेही सांगावे. रोज रवंथ पाहणाऱ्या मुलाच्या लक्षात ‘आज तांबडी रवंथ करीत नाही’ ही गोष्ट सर्वांच्या आधी येते. आजाराचे पहिले लक्षण तेच असते.

२) खुडूक कोंबडी व अंडी : खुडूक कोंबडीखाली अंडी बसविल्याची तारीख मुलाच्या हाताने भिंतीवर लिहून ठेवावी. सातव्या दिवशी रात्री अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या जाड टोकाला बॅटरी लावून पाहावे. ज्या अंड्यात जीव धरला आहे त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. वांझ अंडे स्वच्छ दिसते. वांझ अंडी काढून टाकावीत. एकविसाव्या दिवशी पिले बाहेर पडतात. पिलाने आतून कवच फोडताना त्याला मदत करू नये, हे मुलांना आधीच समजावून सांगावे. ते थांबणे हाही या शिक्षणाचाच भाग आहे.

३) गांडूळ : गांडूळ ओल्या हातावर घ्यावे, कारण ते त्वचेने श्वास घेते व कोरडे पडल्यास मरते. ते क्षणभर कोऱ्या कागदावर सोडून कान जवळ नेल्यास बारीक खरखर ऐकू येते. अंगावरील न दिसणारे ताठ केस कागदावर घासल्याचा तो आवाज असतो. त्यानंतर खरा प्रयोग करावा. पावसाळ्यात, जमीन ओलसर असताना एक फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट खोल असा खड्डा दोन ठिकाणी घ्यावा : एक पाचट जाळलेल्या फडात व एक पाचट कुजविलेल्या फडात. खतांच्या रिकाम्या गोणीवर माती पसरून मुलांनी दोन्ही ठिकाणची गांडुळे मोजावीत व माती परत भरावी. उसाचे हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. ते जाळावे की ठेवावे, या प्रश्नाचे उत्तर मुलाने स्वतः मोजलेल्या आकड्यातून घरात येऊ द्यावे. कालव्याच्या पट्ट्यात जेथे जमीन क्षारपड होऊन वर पांढरा थर येतो, तेथेही असा एक खड्डा घेऊन पाहावा. जमीन आजारी आहे म्हणजे काय, हे मुलांना तेथे दिसते.

४) रेशीम अळी : तुतीची लागवड करणाऱ्या शेतकऱ्याकडून दहा-वीस अळ्या मागून आणाव्यात. या अळीला विष नाही, काटे नाहीत, ती उडून जात नाही. अंड्यातून बाहेर पडल्यापासून कोष करेपर्यंत तिला साधारण २४ ते २८ दिवस लागतात व या काळात ती चार वेळा कात टाकते. कात टाकताना अळी डोके वर करून निश्चल राहते. त्या वेळी तिला हात लावू नये आणि पालाही घालू नये. पाला ताजा व फवारणी न केलेला असावा. तंबाखू हाताळलेल्या हाताने अळीला स्पर्श करू नये, ती मरते. एका कोषातून आठशे ते हजार मीटरपर्यंत सलग धागा निघतो.

५) मृगाचा किडा : पहिल्या पावसानंतर काळ्या रानात दिसणारा लाल मखमली किडा मुलांनी तळहातावर घेण्यास हरकत नाही. तो कीटक नसून कोळ्याच्या जातकुळीतला आहे. मुलांनी पाय मोजले की ते आठ भरतात आणि फरक कळतो. पाहून झाल्यावर तो जेथून उचलला तेथेच सोडावा.

दुसरा गट : बरणीत पाहण्याचे प्राणी

इंडोनेशियात भातावर तपकिरी तुडतुड्यांनी थैमान घातल्यानंतर १९८६ साली तेथील सरकारने भातासाठी ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. १९८९ पासून तेथे शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या. या शाळांत व्याख्यानापेक्षा एका साध्या पद्धतीवर भर होता. शेतातील कीड व मित्रकीटक एका बरणीत ठेवावयाचे आणि कोण कोणाला खातो ते शेतकऱ्याने स्वतः पाहावयाचे. आपल्याकडील शेतीशाळांतही हीच पद्धत आली. ती मुलांसाठी तर फारच उपयुक्त आहे.

साहित्य : स्वच्छ धुतलेल्या दोन रुंद तोंडाच्या पारदर्शक बरण्या, तोंडाला बांधण्यासाठी पातळ मलमलीचे कापड व रबर, ओला कापूस, एक भिंग आणि एक वही. औषधाची रिकामी बाटली किंवा डबा कितीही धुतला तरी या कामासाठी वापरू नये. नुकत्याच फवारलेल्या पिकातून पाने अथवा कीटक आणू नयेत.

प्रयोग १ : मावा व ढालकिडा. रब्बी ज्वारी, करडई, वाल किंवा चवळीवर चिकटा पडला की मावा सहज मिळतो. मावा असलेली दोन सारखी पाने घेऊन देठाला ओला कापूस गुंडाळावा व एकेक पान एकेका बरणीत ठेवावे. एका बरणीत ढालकिड्याची एक अळी सोडावी, दुसरीत काहीही सोडू नये. ढालकिडा म्हणजे ठिपक्यांचा, अर्ध्या वाटाण्यासारखा कीटक सर्वांना माहीत असतो. पण त्याची अळी काळसर, नारिंगी ठिपक्यांची, लांबट व मगरीसारखी दिसते. बहुतेक जण तिलाच कीड समजून चिरडतात. मुलांनी सकाळी व सायंकाळी दोन्ही बरण्यांतील मावा मोजून वहीत लिहावा. पुढे ही अळी पानाला चिकटून कोष करते आणि काही दिवसांत त्यातून ढालकिडा बाहेर पडतो. हे एकदा पाहिलेले मूल ती अळी जन्मभर विसरत नाही.

प्रयोग २ : मक्यावरील लष्करी अळी. ही परदेशी कीड २०१८ साली भारतात प्रथम कर्नाटकात आढळली व त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. मक्याच्या पोंग्यातील अळी चिमट्याने बरणीत घ्यावी. भिंगातून पाहिल्यास डोक्यावर इंग्रजी उलट्या ‘वाय’ अक्षराची खूण व शेपटीकडून दुसऱ्या भागावर चौकोनात चार काळे ठिपके दिसतात. एका बरणीत एकच अळी ठेवावी, कारण या अळ्या एकमेकींना खातात. पाहून झाल्यावर ही अळी शेतात सोडू नये. साबणाच्या पाण्यात टाकून नष्ट करावी. कोणता प्राणी परत सोडावयाचा व कोणता नाही, आणि का, हे मुलांना कारणासह सांगावे.

प्रयोग ३ : ट्रायकोकार्ड. उसावरील खोडकिडा व कांडी कीड यांच्यासाठी ट्रायकोग्रामा या परोपजीवी कीटकाचा वापर केला जातो. पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट तसेच जैविक कीड नियंत्रण प्रयोगशाळा असलेल्या संस्था ही कार्डे पुरवितात. एका कार्डावर साधारण २० हजार अंडी असतात. कार्ड वेळेवर शेतात लावून त्याचा नखाएवढा तुकडा मुलांसाठी ठेवावा. तो काचेच्या स्वच्छ बाटलीत टाकून तोंड घट्ट विणीच्या कापडाने बांधावे. काळ्या पडलेल्या अंड्यांतून अर्ध्या मिलिमीटरचे कीटक बाहेर पडतात व बाटलीच्या उजेडाकडील बाजूला जमतात. गांधीलमाशीच्या कुळातला हा प्राणी टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान असतो आणि किडीच्या अंड्यातच आपले अंडे घालतो, हे भिंगाखाली पाहिल्याशिवाय मोठ्यांनाही खरे वाटत नाही.

बरणीतही घेऊ नयेत असे : केसाळ अळ्या (अंगाला आग होते), घोण, विंचू, गांधीलमाशा. बेडकाची पिले घरी आणू नयेत. डबक्याच्या काठावर पांढऱ्या ताटलीत पाण्यासह थोडा वेळ घेऊन पाहावीत व तेथेच सोडावीत. बेडूक पिकावरील कीटक मोठ्या प्रमाणावर खातात. एके काळी आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्यांची निर्यात होत असे. ती १९८७ साली बंद करण्यात आली.

कोणताही कीटक बरणीत आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये. बरणी उन्हात ठेवू नये.

तिसरा गट : दुरून पाहण्याचे प्राणी

१) साप : नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार प्रमुख विषारी साप मुलांना चित्रावरून व सर्पोद्यानात दाखवून ओळखीचे करावेत. पुण्यात कात्रज येथे १९८६ साली सर्पोद्यान सुरू झाले. त्यामागे श्री. नीलिमकुमार खैरे यांचे परिश्रम होते. त्यांनी १९८० साली पुण्यात ७२ विषारी सापांसोबत ७२ तास एका काचेच्या खोलीत काढले होते. साप विनाकारण चावत नाही हे लोकांना दाखविणे हा त्यामागील हेतू होता. तथापि हे जाणकाराचे काम आहे. साप हातात धरणे, तो धरून मोबाईलवर चित्रफीत काढणे किंवा शाळेत जिवंत सापाचा खेळ करणे हे निसर्गशिक्षण नव्हे. ते धोक्याचे व बेकायदा आहे. धामण बिनविषारी असून उंदीर खाते, हे मुलांना अवश्य सांगावे. परंतु ‘ही धामण आहे’ असे ठरवून तिला हात लावण्याचा अधिकार मुलांना देऊ नये.

मण्यार रात्री घरात शिरते व जमिनीवर झोपलेल्यांना चावते. पावसाळ्यात मुलांना खाटेवर, मच्छरदाणीत झोपवावे. कडबा, गोवऱ्या, पाचट व विटांच्या ढिगात हात घालण्यापूर्वी काठीने हलवावे. रात्री पाणी धरायला जाताना बॅटरी व बूट हवेतच. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. चावलेला अवयव हलू न देता रुग्णास १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने किंवा मिळेल त्या वाहनाने सर्पदंशाची लस असलेल्या रुग्णालयात न्यावे. मांत्रिकाकडे घालविलेला अर्धा तास परत मिळत नाही.

२) पक्षी : हरभऱ्यात घाटे अळीसाठी हेक्टरी ५० पक्षिथांबे लावण्याची शिफारस आहे. एका थांब्यापासून वीस-पंचवीस पावलांवर मुलाने अर्धा तास शांत बसावे व कोतवाल, साळुंकी किंवा वेडा राघू किती वेळा खाली झेपावतो ते मोजावे. विहिरीवरच्या बाभळीला सुगरण घरटी विणत असेल तर ती रोज पाच मिनिटे पाहावी. घरटे तोडून आणू नये. पडक्या वाड्यात किंवा जुन्या विहिरीत गव्हाणी घुबड राहत असेल तर त्याच्या जागेखाली काळपट वाळलेल्या गोळ्या सापडतात. घुबडाला न पचलेली हाडे व केस तो अशा गोळीच्या रूपाने ओकून टाकतो. ही गोळी कडक उन्हात वाळवून, हातमोजे घालून काडीने उकलावी व उंदरांच्या कवट्या मोजाव्यात. अपशकुनी समजला जाणारा हा पक्षी आपल्या शेतातले किती उंदीर उचलतो, हे मुलांना त्या कवट्याच सांगतात.

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि इंदापूर तालुक्यातील भिगवण, कुंभारगाव, डिकसळ परिसरातील फुगवट्याचा उथळ भाग पाणपक्ष्यांचे मोठे ठिकाण बनला. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तेथे रोहित पक्ष्यांचे थवे दिसतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंसही थंडीत येतात. भादलवाडी तलावावरील झाडांवर चित्रबलाकांची वीण होते. स्थानिक मच्छीमार होडीतून पक्षी दाखवितात व त्यातून त्यांना उत्पन्नही मिळते. होडी पक्ष्यांच्या अंगावर नेण्याचा आग्रह धरू नये. उडालेला थवा म्हणजे मोडलेली वीण किंवा वाया गेलेले खाणे असते.

३) मधमाश्या : इंदापूर भागातील डाळिंब बागांत फुलोऱ्याच्या काळात मुलांनी सकाळी एका झाडावर दहा मिनिटांत किती माश्या येतात ते मोजावे. जेथे मोजणी होते तेथे फुलोऱ्यात भर सकाळी फवारणी करण्याचे धाडस सहसा होत नाही. आग्या मोहोळापासून मात्र मुलांना पूर्ण दूर ठेवावे. त्याला दगड मारणे किंवा त्याच्याखाली धूर करणे जिवावर बेतते.

४) माळरानावरील प्राणी : बारामती तालुक्यात सुपे येथे मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली जाहीर झालेले हे अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे असून ते चिंकारा हरणासाठी प्रसिद्ध आहे. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या माळावरही चिंकारा व लांडगे आढळतात. ज्याला आपण पडीक माळ म्हणतो, त्या गवतावर इतके जीव जगतात, हे मुलांना तेथे नेऊनच कळते. सकाळी लवकर जावे, आवाज करू नये, वाहन हरणांमागे पळवू नये.

५) उसातील पिले : अलीकडच्या वर्षांत बारामती, इंदापूर व दौंड भागातही उसात बिबट्याचा वावर आढळतो. तोडणीच्या वेळी फडात मांजरासारखी पिले सापडतात. ती बिबट्याची असोत वा रानमांजराची, मुलांनी त्यांना हात लावू नये, उचलून आणू नये, त्यांच्याबरोबर फोटो काढू नयेत. ताबडतोब तोडणी थांबवून सर्वांनी तेथून बाजूला व्हावे आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. वन कर्मचारी पिले त्याच जागी ठेवून मादीशी भेट घडवून आणतात व बहुतेक वेळा रात्री मादी पिले घेऊन जाते. पिले हलविल्यास चिडलेली मादी त्या वस्तीभोवती फिरत राहते आणि धोका वाढतो. तोडणी मजुरांच्या कोपीवरील मुलांपर्यंत ही माहिती पोहोचविणे ही फडमालकाचीही जबाबदारी आहे.

कायदा काय सांगतो? वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ व त्यातील २०२२ च्या दुरुस्तीनुसार रानातील पोपट, चांदणी कासव, घोरपड, मुंगूस असे प्राणी पकडणे किंवा घरी पाळणे गुन्हा आहे. मुलांच्या हौसेसाठी पोपटाची पिले ढोलीतून काढून पिंजऱ्यात घालू नयेत.

घ्यावयाची काळजी

१) प्राणी हाताळण्यापूर्वी व नंतर साबणाने हात धुवावेत. मधल्या काळात हात तोंडाला लावू नये.
२) गाभडलेल्या जनावराजवळ व त्याच्या झारेजवळ मुलांना जाऊ देऊ नये, सांसर्गिक गर्भपाताचा रोग माणसालाही होतो. दूध उकळूनच प्यावे.
३) गजकर्ण झालेल्या वासराला मुलांनी हाताळू नये.
४) कुत्रा अथवा मांजर चावल्यास किंवा ओरखडल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी व त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. चुना, हळद, मिरची लावू नये.
५) मुलांना धनुर्वाताची लस वेळेवर द्यावी.
६) मुलाला भीती वाटत असेल तर प्राणी त्याच्या अंगावर टाकून चेष्टा करू नये. अशी भीती आयुष्यभर जात नाही.
७) प्राण्याला इजा होईल असा प्रयोग करू नये. दोरा बांधून चतुर उडविणे हा खेळ मुलांना थांबवावयास सांगावा.

वर्षभराचे वेळापत्रक

जून-जुलै : मृगाचा किडा, बेडूक, सापांची ओळख.
ऑगस्ट-सप्टेंबर : गांडुळांची मोजणी, मक्यावरील लष्करी अळी, सुगरण.
ऑक्टोबर-नोव्हेंबर : रेशीम अळी, ऊस तोडणीपूर्वी बिबट्याविषयी माहिती.
डिसेंबर-जानेवारी : मावा व ढालकिडा, पक्षिथांब्यावरील मोजणी, भिगवणची सहल.
फेब्रुवारी-मार्च : खुडूक कोंबडी, रोहित पक्षी, ट्रायकोकार्ड.
एप्रिल-मे : गोठ्यातील निरीक्षणे, पक्ष्यांसाठी पाण्याची भांडी, घुबडाच्या गोळ्या.

प्रत्येक निरीक्षणाची नोंद मुलाने तारीख, ठिकाण, प्राणी, संख्या व ‘काय करीत होता’ या पाच रकान्यांत करावी. तिसरी ते पाचवीच्या परिसर अभ्यास विषयासाठी शिक्षकांना ही वही उपयोगी पडते. शाळेने महिन्यातून एक शनिवार यासाठी ठेवल्यास आणि गावातील एका शेतकऱ्याने त्या दिवशी आपले शेत खुले केल्यास खर्च काहीच येत नाही. एका वेळी दहा-बारा मुलांमागे एक मोठा माणूस असावा. मित्रकीटकांच्या ओळखीसाठी शारदानगर, माळेगाव येथील बारामतीच्या कृषि विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा.

मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर ‘उगाच काहीतरी विचारू नको’ असे म्हणू नये. ‘उद्या दोघे मिळून पाहू’ असे सांगावे आणि खरोखर पाहावे. सर्व प्रयोग एकदम करण्याची गरज नाही. या रब्बीत दोन बरण्या आणि ज्वारीची दोन पाने एवढ्यापासून सुरुवात करावी. फवारणीचा पंप पाठीवर घेण्याच्या आदल्या दिवशी मुलाला बरोबर घेऊन फडात एक फेरी मारावी आणि पानामागे कोण आहे ते त्याला विचारावे. मित्रकीटक पुरेसे असल्याचे त्याने दाखवून दिले तर ती फवारणी पुढे ढकलता येईल.